वारीच्या जुन्या फिती मोठ्या पडद्यावर दाखवायच्या आहेत : ४:३ चं १६:९ करावं का, आणि कसं?

गार्गी_नानापेठ

नमस्कार मंडळी. आमच्या भाऊकाकांनी १९९७ ते २००५ या काळात पालख्यांचं भरपूर चित्रीकरण करून ठेवलं आहे. आधीच्या फिती हाय-एटच्या (ॲनालॉग), नंतरच्या मिनी-डीव्हीच्या (डिजिटल). नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांची पालखी उतरते तेव्हाची गर्दी, भवानी पेठेत पालखी विठोबापाशी माउलींच्या दर्शनाची रांग, दिवे घाटाची चढण, आणि काका दिंडीबरोबर पुढे गेले त्या वर्षांतलं चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. त्यात दिसणारी कितीतरी माणसं आज नाहीत.

यंदा ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात यायच्या आधी आमच्या दिंडीच्या मंडळींना आणि त्यांच्या घरच्यांना हे सगळं एकत्र बसून मोठ्या पडद्यावर बघता यावं अशी इच्छा आहे. सभागृह ठरलं आहे. पडदा सोळा फूट रुंद, नऊ फूट उंच. चित्रीकरण मात्र सगळं जुन्या टीव्हीच्या आकाराचं, ४:३.

एका दुकानातून नमुना करून घेतला. त्यांनी चित्र दोन्ही बाजूंनी ओढून पडदाभर करून दिलं. काका बघून एकदम गप्प झाले. आमचे विणेकरी मी लहानपणापासून सडसडीत बघितलेत, ते रुंद आणि बुटके दिसत होते. मग घरी शॉटकट या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून-खालून कापून बघितलं. पडदा भरतो, पण बायकांच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन तरी जातं नाहीतर पाय तरी जातात. आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवल्या तर घरातले म्हणतात, एवढं सभागृह घेऊन अर्धाच पडदा का वापरायचा?

तर नेमकं काय करावं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. फिती संगणकात घेण्यापासून सांगितलं तरी चालेल, हाय-एटच्या अजून तशाच आहेत.

चित्रफीत

गार्गीताई, फार मोलाचं काम हातात घेतलंत. मी संकलनाचं काम करतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

सगळ्यात आधी सभागृहाला एक प्रश्न विचारा : तुमचा प्रोजेक्टर मुळात कुठल्या आकाराचा आहे? पडदा नव्हे, प्रोजेक्टर. पुण्यातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या आणि मंगल कार्यालयांच्या सभागृहांत अजून १०२४ × ७६८ चे प्रोजेक्टर टांगलेले आहेत. ते स्वतःच ४:३ असतात. त्यावर तुम्ही काळ्या पट्ट्या जोडलेली १६:९ फाइल लावलीत तर ती आधी १०२४ × ५७६ मध्ये बसते, आणि तुमचं खरं चित्र त्याच्या आत ७६८ × ५७६ एवढंच उरतं. चारही बाजूंनी काळं. प्रोजेक्टरच्या क्षमतेपैकी जेमतेम ५६ टक्के भाग वापरला जातो. तिथे मूळ ४:३ फाइल सरळ लावली तर पूर्ण प्रोजेक्टर वापरला जातो आणि रूपांतर करायचीच गरज उरत नाही. १२८० × ८०० वाले १६:१० असतात, त्यांचा हिशोब आणखी वेगळा.

प्रोजेक्टर १९२० × १०८० असेल तरच पुढची चर्चा.

दुसरं, सगळ्या फिती खरंच ४:३ आहेत का हे फीत-फीत तपासा. त्या काळच्या बऱ्याच हँडीकॅममध्ये ‘१६:९’ किंवा ‘सिनेमा’ असं एक बटण असायचं. काही कॅमेरे ते दाबल्यावर ४:३ चौकटीतच वर-खाली काळ्या पट्ट्या कायमच्या उमटवत. काही कॅमेरे रुंद चित्र आडवं दाबून त्याच ७२० × ५७६ मध्ये भरत, म्हणजे माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात. पहिल्या प्रकारात चित्र १३३ टक्के मोठं केलं की पट्ट्या नेमक्या बाहेर जातात, काहीही न गमावता. दुसऱ्या प्रकारात क्लिपच्या गुणधर्मात प्रमाण १६:९ असं सांगायचं, की माणसं आपोआप सरळ होतात. म्हणजे एकाला मोठं करायचं असतं, दुसऱ्याला नुसतं उलगडायचं, आणि तिसऱ्या, खऱ्या ४:३ ला हात लावण्याआधी विचार करायचा असतो.

ओळखायचं कसं? काहीतरी गोल शोधा. तुमच्याकडे रथाचं चाक आहे. अगदी बाजूने दिसणारं चाक थांबवून फूटपट्टीने आडवं-उभं मोजा.

मंदार_कर्वेनगर

तपशील उत्तम. पण मी कापण्याच्या बाजूचा आहे आणि ते मनापासून सांगतो. समोर बसणाऱ्यांत तरुण मुलं असणार आहेत. आयुष्यभर त्यांनी रुंद पडदाच बघितलाय. मोठ्या सभागृहात मधोमध चौकोन दिसला की ‘हे जुनं काहीतरी’ अशी त्यांची पहिली भावना होते आणि मन लागत नाही. पडदा भरलेला असला की माणूस आत ओढला जातो. दिवे घाटाचं दृश्य तर आडवंच आहे, नागमोडी रस्ता, पताकांची लांबच लांब रांग. ते सोळा फूट भरून दाखवा.

शॉटकटमध्ये नुसतं मधून कापू नका. ‘साइज, पोझिशन अँड रोटेट’ या फिल्टरने प्रत्येक शॉटला चित्र वर-खाली सरकवता येतं. तुळस दिसायला हवी तिथे खालून कापा, पाय दिसायला हवेत तिथे वरून.

सुधाकाकू

मी स्वतः काही वर्षं चालले आहे म्हणून लिहिते. मंदार, डोक्यावर तुळस घेऊन चालणारी बाई दाखवताना तुळस आणि पाय यांतलं एक निवडायचं म्हणजे तिची वारीच अर्धी केल्यासारखं आहे. तिची मान कशी ताठ राहते हे पावलाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. खड्यावर पाऊल पडलं की ती गुडघ्यातून लवते, पण वृंदावन हलत नाही. मी हे शेजारून बघितलंय.

गार्गी, भाऊकाकांना विचारलंस का? चौकट त्यांनी आखलेली आहे.

गार्गी_नानापेठ

सुधाकाकू, विचारलं. काका म्हणाले, “पाय कापू नकोस. ते दिसावेत म्हणून मी मागे मागे सरकत चालायचो.” तुळशीवाल्या बायकांच्या शॉटमध्ये वरती थोडं आभाळ आणि खाली पावलांच्या पुढे चार बोटं रस्ता असं त्यांनी जपून ठेवलेलं दिसतं. मी आज परत नीट बघितलं. जवळजवळ प्रत्येक शॉट असाच आहे.

मंदार, दिवे घाटाबद्दलचं पटतंय. घाटाच्या वरून घेतलेले लांबचे शॉट आहेत, त्यात वर नुसतं ढगाळ आभाळ आणि खाली कठडा आहे. तिथे कापलं तर काहीच जात नाही.

चित्रफीत, सभागृहात फोन केला. प्रोजेक्टर फुल एचडी आहे, १९२० × १०८०. संगणकात घेतलेल्या फिती सगळ्या खऱ्या ४:३ आहेत. रथाचं चाक मोजलं.

चित्रफीत

छान. मग आता आकडे समोर ठेवतो, म्हणजे काय मिळतं आणि काय जातं ते दिसेल.

आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी. चित्र न कापता १०८० च्या उंचीत बसवलं तर ते १४४० रुंद होतं, दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल काळे. तुमच्या पडद्यावर बारा फूट रुंद, नऊ फूट उंच चित्र. ‘अर्धा पडदा’ अजिबात नाही, पाऊण पडदा आहे.

पूर्ण १६:९ साठी कापलं तर ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात. एक चतुर्थांश चित्र फेकून द्यायचं आणि उरलेलं अडीच पट ताणून नऊ फुटांवर पसरायचं. हाय-एटमध्ये मुळातच तपशील बेताचा. चेहरे मऊ पडतील आणि रंगाचा कण मोठा दिसेल. पहिल्या रांगेतल्या माणसाला ते नक्की जाणवेल.

तिसरा मार्ग लोक विसरतात, तो म्हणजे १४:९. ब्रिटनमध्ये टीव्ही जुन्या आकारातून रुंद आकारात जात होता तेव्हा बीबीसीसारख्या वाहिन्यांनी ही मधली तडजोड बरीच वर्षं वापरली. यात उंचीतलं सुमारे १४ टक्के जातं, साधारण ४९४ ओळी उरतात. तुमच्या पडद्यावर चित्र १४ फूट रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना फूट-फूटभरच काळं राहतं.

आणि हे १४ टक्के वाटतं तेवढं महाग नसतं. जुने काचेच्या नळीचे टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवायचेच, प्रत्येक बाजूने पाचेक टक्के. चित्रण करणाऱ्याला ते ठाऊक असायचं, त्यामुळे महत्त्वाचं काही तो कडेला ठेवत नसे. शिवाय हाय-एट आणि व्हीएचएसमध्ये अगदी तळाच्या काही ओळींत फाटल्यासारखी सळसळ असते, फीत वाचणारं हेड बदलताना येणारी. ती घरच्या टीव्हीवर कधी दिसलीच नाही. प्रोजेक्टर मात्र कडेपर्यंत सगळं दाखवतो, तेव्हा ती तशीही कापावीच लागते.

ओढून रुंद करणं हा पर्याय मी धरतच नाही. त्यात माणसं ३३ टक्के रुंद होतात. ज्यांच्या घरचे लोक समोर बसलेत त्यांना हे दाखवू नये.

शिवाजीनगरी

एक जरा मागची गोष्ट सांगतो, कारण ‘चौकोनी म्हणजे कमी दर्जाचं’ हा समज मला खटकतो. ४:३ हा आकार टीव्हीने शोधलेला नाही, तो मूकपटांपासून आलेला. बोलपट आल्यावर फितीच्या कडेला ध्वनीची पट्टी बसवावी लागली आणि १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७:१ हे प्रमाण ठरलं. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात त्यांनी जे संतपट काढले ते याच जवळजवळ चौकोनी चौकटीतले. पंढरीच्या वाटेवरची माणसं पुण्याच्या पडद्याने पहिल्यांदा पाहिली ती या आकारात. रुंद पडदा नंतर आला, १९५३ च्या सिनेमास्कोपपासून, आणि तो आला तो घराघरांतल्या टीव्हीला उत्तर म्हणून.

१६:९ चं प्रमाण गंमतीदार आहे : ४:३ ला ४:३ ने गुणलं की बरोबर १६:९ येतं. म्हणूनच ४:३ चं चित्र १६:९ मध्ये नेमकं तीन-चतुर्थांश जागा घेतं.

उभ्या माणसाला ही चौकट फार शोभते. पताका घेतलेला वारकरी म्हणजे उभी रेघच की.

अनुपमा_सांगवी

बाजूच्या काळ्या जागेत त्याच चित्राची मोठी, धूसर प्रत ठेवतात ना, बातम्यांत मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवताना, तसं केलं तर? मी आमच्या घरच्या लग्नाच्या जुन्या फितीला केलं होतं. टीव्हीवर छान वाटलं, पडदा रिकामा वाटत नाही.

आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता बाजूचं चित्र स्वतः तयार करून देते. त्याचा कुणी अनुभव घेतलाय का?

चित्रफीत

अनुपमाताई, घरच्या टीव्हीवर धूसर बाजू चालून जाते, कारण खोलीत इतर उजेड असतो आणि पडदा लहान. अंधाऱ्या सभागृहात मात्र डोळ्याच्या कडेला सतत काहीतरी हलत राहतं. टाळकरी नाचतायत आणि बाजूला त्यांचीच धूसर सावली जास्त वेगाने हलतेय असं होतं. तासभर हे बघून डोकं दुखतं. काळं शांत असतं.

यंत्राकडून बाजूचं चित्र तयार करून घेण्याला माझा ठाम नकार आहे. ते यंत्र बाजूला माणसं काढेल. पांढरी टोपी, बंडी, कपाळाला बुक्का, सगळं बरोबर, फक्त ती माणसं कधीच त्या रस्त्यावर नव्हती. समोर बसलेल्या आजी पडद्यावर आपला माणूस शोधणार आहेत. त्यांच्यापुढे बनावट वारकरी उभे करायचे नाहीत. हाच नियम चेहरे ‘स्वच्छ’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला. दूरचा, आठ-दहा ओळींत मावलेला चेहरा त्यात गुळगुळीत होतो आणि दुसऱ्याच कुणाचा तरी दिसायला लागतो. थोडा कण कमी करा, बस.

सुधाकाकू

चित्रफीत, हे लिहिलंत ते बरं केलंत.

मंदार_कर्वेनगर

यंत्राच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. १४:९ माझ्या डोक्यात आलं नव्हतं, ते पटलं. पण एक शंका : काही शॉट ४:३, काही १४:९, काही पूर्ण रुंद असं केलं तर चौकट सारखी आत-बाहेर होत राहील. प्रेक्षकाला ते जास्त टोचेल.

चित्रफीत

अगदी बरोबर. शॉटगणिक आकार बदलायचा नाही. प्रकरणं पाडा. मुक्काम, घाट, रिंगण. एका प्रकरणाचा एक आकार, आणि बदल व्हायचा तो प्रकरणाच्या नावाच्या काळ्या पाटीवर. गार्गीताईंचं वर्णन वाचून मला वाटतं : पेठांमधला भाग आणि रिंगण ४:३, घाट १४:९. घाटातही प्रत्येक शॉटला चित्र किती वर आणि किती खाली ठेवायचं ते वेगळं ठरवा, पण एका शॉटच्या आत ते हलवू नका. काकांचा कॅमेरा स्थिर असताना चौकट सरकली की लगेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे चुकलं तर नंतर दुरुस्ती नाही.

तुमचं चित्रीकरण इंटरलेस्ड आहे. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत टिपलेलं : आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. रिंगणात अश्व दौडतो तेव्हा या दोन अर्ध्यांच्या मधल्या वेळात त्याचा पाय बराच पुढे गेलेला असतो. म्हणून संगणकावर थांबवून बघितलं की पायाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. अशा अवस्थेत चित्र मोठं केलं की वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि तो चिखल कायमचा बसतो. म्हणून क्रम असा की आधी डीइंटरलेस (म्हणजे त्या अर्ध्यांची पूर्ण चित्रं करणं), मग कापणं, मग मोठं करणं. कापून-वाढवून झाल्यावर डीइंटरलेसचा काही उपयोग नाही.

आणि करताना २५ चं २५ करू नका. प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० करा. एफएफएमपेग हे रूपांतराचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातले यादिफ आणि बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर हे काम करतात, दुसरा जास्त चांगला. थोडं शिकायची तयारी असेल तर क्यूटीजीएमसी, त्याला वेळ खूप लागतो पण टाळ-चिपळ्यांसारख्या झरझर हलणाऱ्या गोष्टी त्यात फार नितळ येतात. ५० मध्ये अश्वाची दौड जशी काकांच्या टीव्हीवर दिसायची तशीच वाहती दिसते. २५ मध्ये ती अडखळते.

ओळींचा क्रमही बघा. मिनी-डीव्हीत खालचा अर्धा आधी असतो. हाय-एट जर साध्या कॅप्चर कार्डातून घेतलं तर बहुतेक वेळा वरचा आधी. क्रम उलटा लागला की माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत चालतो. चालणाऱ्याचा दहा सेकंदांचा तुकडा करून बघितला की लगेच समजतं.

गार्गी_नानापेठ

हे फार कामाचं आहे. मी शॉटकटमध्ये थांबवून बघितलं, अश्वाच्या पायांना आणि पताकांच्या टोकांना तशाच रेघा आहेत.

हाय-एटच्या फिती घ्यायच्या कशा? काकांचा पहिला कॅमेरा बंद पडलाय. दोन फितींच्या खिडकीतून आत पांढुरकं काहीतरी दिसतंय.

शिवाजीनगरी

ते पांढुरकं म्हणजे बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या फितींना ती हमखास धरते. त्या दोन फिती कुठल्याही यंत्रात घालू नका, अगदी ‘फक्त एकदा बघू’ म्हणूनसुद्धा नाही. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या फितींना. त्या वेगळ्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि फिती साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. बाकीच्या चांगल्या असतील तर त्या आधी घेऊन टाका.

चित्रफीत

हाय-एटसाठी कुणाकडे सोनीचा डिजिटल-एट कॅमेरा मिळतो का बघा. त्यातले बरेच कॅमेरे जुन्या हाय-एट फिती चालवतात आणि फायरवायरच्या तारेतून थेट डीव्ही स्वरूपात बाहेर देतात. स्वस्त यूएसबी कार्डापेक्षा हे कितीतरी स्थिर. ते जमलं नाही तर निदान एस-व्हिडिओची तार वापरा, पिवळी नको.

मिनी-डीव्ही फायरवायरनेच घ्या. तिथे आकडे जसेच्या तसे उतरतात, दर्जा कणभरही घटत नाही. विंडोजवर विनडीव्ही नावाचं छोटं सॉफ्टवेअर पुरतं. तासाला साधारण १३ जीबी लागतात. त्या मूळ फाइल्स दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यांना कधीही कापू-वाढवू नका. १४:९ चा निर्णय आजच्या कार्यक्रमाचा आहे. दहा वर्षांनी कुणाला वेगळं वाटेल तेव्हा काकांची पूर्ण चौकट हाताशी असली पाहिजे.

आणखी एक बारकावा. ७२० × ५७६ मधले पिक्सेल चौरस नसतात. सॉफ्टवेअरने ते ७६८ × ५७६ च्या हिशोबाने दाखवलं पाहिजे. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून करतात, पण फाइल एकातून दुसऱ्यात गेली की ही खूण कधीकधी गळते आणि माणसं किंचित बारीक होतात. ते एवढं थोडं असतं की पटकन लक्षात येत नाही. चाक पुन्हा मोजा.

पडदेवाला_कोथरूड

मी प्रोजेक्टर-पडदे भाड्याने देतो, माझ्याकडून थोडी भर.

प्रोजेक्टर ‘काळं’ दाखवतो ते खरं काळं नसतं, राखाडी उजेड असतो. पांढऱ्या पडद्यावर त्या बाजूच्या पट्ट्या मिणमिणत राहतात आणि लोकांना रिकामा पडदा खटकतो तो त्यामुळेच. उपाय सोपा आहे. दोन्ही बाजूंना पडद्यावरूनच जाड काळं सुती कापड सोडायचं, चित्राच्या कडेला अगदी चिकटून. चमक असलेलं कापड नको. मग चित्राला नीट कड मिळते, रंग उठून दिसतात आणि पडदा बारा फुटांचाच आहे असं वाटतं. जुन्या थिएटरांत हेच व्हायचं, बाजूचे काळे पडदे आकाराप्रमाणे आत-बाहेर सरकायचे.

तुमचा ४:३ आणि १४:९ चा बेत असेल तर कापड वरच्या दांडीवर कड्यांनी अडकवा, दोरी लावा, आणि घाटाच्या पाटीच्या वेळी दोन मुलांनी ते एक-एक फूट बाहेर ओढायचं. परत रिंगणाच्या पाटीला आत. पाटी दहा सेकंद काळी ठेवा म्हणजे घाई होणार नाही. मी हे एका संगीत सभेच्या जुन्या चित्रणाला केलंय, लोकांना कापड हललेलं कळलंही नाही.

प्रोजेक्टरच्या मेनूत ‘ॲस्पेक्ट’ नावाची जागा असते. तिथे ‘वाइड’ किंवा ‘फुल’ असलं की तो चांगलं चित्र स्वतःच ओढतो. ‘नेटिव्ह’ किंवा ‘नॉर्मल’ ठेवा. आणि चित्र तिरकं पडलं तर कीस्टोनचं बटण दाबण्यापेक्षा टेबल सरकवा. कीस्टोनने चित्र आतल्या आत दाबलं जातं आणि मऊ पडतं.

कार्यक्रमाच्या फाइलच्या सुरुवातीला एक स्थिर चित्र घाला : मधोमध मोठं वर्तुळ, आणि चौकटीच्या कडेने बारीक पांढरी रेघ. वर्तुळ गोल दिसतंय आणि चारही रेघा पडद्यावर आहेत, म्हणजे सगळं जुळलं.

मंदार_कर्वेनगर

कापडाची कल्पना फार आवडली. गार्गी, कापड ओढायला मी येतो.

अनुपमा_सांगवी

आवाजाचं काय करणार? वारीच्या चित्रणात पखवाज जवळ आला की आवाज फुटतो.

चित्रफीत

जिथे मुळातच फुटलाय तिथे फार काही होत नाही, तेवढा भाग थोडा खाली आणा. हँडीकॅम आवाज आपोआप वर-खाली करायचा, त्यामुळे शांत क्षणी वाऱ्याची घरघर वर येते. ८० हर्ट्झच्या खालचं बरंचसं काढून टाका. भजनाच्या मध्ये मात्र कापू नका, शॉट बदलला तरी आवाज सलग राहू द्या. अभंगाचं चरण अर्धवट तुटलं की ते आकाराच्या बदलापेक्षा जास्त लागतं.

गार्गी_नानापेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. पेठा आणि रिंगण ४:३ मध्ये, काळं कापड बारा फुटांवर. दिवे घाट १४:९, कापड चौदा फुटांवर. घाटातले शॉट एकेक करून काकांच्या शेजारी बसून वर-खाली लावतेय, कुठे किती आभाळ सोडायचं ते काका सांगतात. एका शॉटमध्ये बैलजोडीची शिंगं कापली जात होती, तो त्यांनी घाटाच्या भागातून काढून मुक्कामाच्या भागात टाकायला सांगितला. डिजिटल-एट कॅमेरा सोलापूर रस्त्यावरच्या एका ओळखीच्या छायाचित्रकारांकडे मिळाला.

शेवटचा प्रश्न. तयार फाइल सभागृहात कशी न्यायची? ते म्हणतात पेनड्राइव्ह प्रोजेक्टरला लावा.

चित्रफीत

प्रोजेक्टरला पेनड्राइव्ह लावू नका. त्यातला प्लेयर ५० चित्रांची फाइल अडखळत चालवतो किंवा चालवतच नाही. लॅपटॉप न्या, एचडीएमआयने जोडा, आणि लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बाहेरच्या पडद्याचा वेग ६० हर्ट्झवरून ५० वर आणा. हे राहिलं तर चालणारी माणसं दर थोड्या वेळाने एक हिसका खातात, आणि कारण कुणालाच सापडत नाही. एच.२६४ स्वरूपात सेकंदाला २० मेगाबिटने काढलीत तर तासाची फाइल साधारण ९ जीबी होईल. जादा प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आणि चाचणी त्याच सभागृहात, दिवे पूर्ण घालवून, शेवटच्या रांगेत आणि पहिल्या रांगेत बसून.

पडदेवाला_कोथरूड

चाचणीच्या दिवशी पडद्याच्या तळाची उंचीही बघा. वयस्कर मंडळी पुढे खुर्च्यांवर बसणार आणि लहान मुलं त्यांच्याही पुढे सतरंजीवर. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट हवी, नाहीतर मागच्यांना डोक्यांमुळे काकांनी जपलेले पाय दिसणार नाहीत.

सुधाकाकू

गार्गी, तारीख इथे टाक. आमच्या दिंडीतल्या चौघीजणी हडपसरहून येतील, त्यांना खुर्च्या कडेला दे. मधेच उठावं लागतं.